बोसाबॉल, मिकी माउस आणि आमच्या कंपनीचा फॅमिली डे

(नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिहून काढलेला मजकूर. बोलताना जिथे अडखळलो, शिंकलो, किंवा मागे कुकरची शिट्टी झाली, तेवढं काढलंय. बाकी जसं बोललो तसंच.)

कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून ऐकणाऱ्यांना खास नमस्कार. नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत आज जेवढा वेळ लागणार आहे, तेवढ्यात हा एपिसोड संपून वर एक डुलकीही होईल, काळजी नको.

आजचा विषय एका रीलवरून आला. आमच्या कंपनीत दरवर्षी फॅमिली डे असतो. मागच्या एप्रिलात मी त्याच्या कमिटीत होतो. खरं म्हणजे मी मीटिंगला उशिरा गेलो, आणि जो उशिरा येतो त्याच्याकडे खेळांचं खातं जातं, म्हणून होतो. तर कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने रील टाकली. समुद्रकिनारा, रंगीबेरंगी फुगवलेलं कोर्ट, मधोमध व्हॉलीबॉलसारखं नेट. एक पोरगा ट्रॅम्पोलिनवर उड्या मारत मारत नेटच्याही वर जातो आणि हवेत उलटा होऊन बॉलला अशी काही लाथ हाणतो की बास. खाली मेसेज: "हे आपल्याकडे करू या का?" त्याखाली बावीस अंगठे.

या खेळाचं नाव बोसाबॉल. पुढचे दहा दिवस मी या खेळाच्या मागे लागलो होतो. त्यात तीन गोष्टी कळल्या. हा खेळ इतका भारी का वाटतो. तो जसाच्या तसा आमच्या पार्किंगमध्ये का आणू नये. आणि न आणताही त्यातलं नेमकं काय उचलता येतं. त्याच क्रमाने सांगतो.

खेळ आहे तरी काय?

आधी डोळ्यांसमोर व्हॉलीबॉलचं कोर्ट आणा. दोन टीम, मध्ये नेट, बॉल समोरच्यांच्या बाजूला जमिनीवर पाडायचा. इथपर्यंत सगळं ओळखीचं.

आता जमीन काढून टाका. तिच्याजागी हवा भरलेलं कोर्ट ठेवा. नेटच्या दोन्ही बाजूंना, नेटजवळ, एकेक गोल ट्रॅम्पोलिन बसवा. ट्रॅम्पोलिनभोवती हवेची जाडजूड गोल कड आहे, तिला बोसावॉल म्हणतात. बॉल त्या कडेवर आपटला किंवा घरंगळत राहिला तर खेळ थांबत नाही, चालूच राहतो.

एका टीमचे साधारण चार जण. त्यातला एक ट्रॅम्पोलिनवर, तो हल्लेखोर. बाकीचे भोवतीच्या भागात, बॉल उचलून त्याला बरोबर उंचीवर देणारे. ट्रॅम्पोलिनवरचा माणूस आधीपासूनच लय पकडून उड्या मारत असतो, म्हणजे बॉल वर येईल तेव्हा हाही वर असला पाहिजे. रीलमध्ये ते सोपं दिसतं. प्रत्यक्षात हे टायमिंग म्हणजेच अर्धा खेळ.

बॉल हाताने मारता येतो, तसाच पायाने, डोक्याने, छातीनेही. हाताने मारलं तर तो व्हॉलीचा स्पर्श, तिथे व्हॉलीबॉलसारखा एकदाच हात लावायचा. पाय, डोकं, छाती वापरली तर तो फुटबॉलचा स्पर्श, त्यात एकाच माणसाला लागोपाठ दोनदा बॉल खेळवायची मुभा आहे. व्हॉलीबॉलमध्ये तीन स्पर्शांत बॉल पलीकडे जावा लागतो, इथे त्यापेक्षा जास्त स्पर्श मिळतात. कारण उघड आहे, छातीवर घेऊन, गुडघ्यावर उडवून, मग उंच द्यायचा तर वेळ लागणारच. नेटची उंचीही खाली-वर करता येते: पुरुष, बायका, लहान मुलं, जशी टीम तसं नेट.

रेफरी मात्र भन्नाट. त्याला सांबा रेफरी म्हणतात. शिट्टी आहेच, पण हाताशी माइक आणि ताल धरायची वाद्यंही, आणि गाणी लावायचं कामही त्याचंच. युरोपातल्या लोकांना हे फार नवीन वाटलं असेल. आपल्याला काय? कुस्तीच्या फडात हलगी वाजल्याशिवाय पैलवानाच्या अंगात येतं का? बैलगाडा घाटातली कॉमेंट्री ऐका, भोसरीतल्या टेनिस बॉल क्रिकेटची ऐका. माइकवरचा माणूस अर्धी मॅच खेळतो हे आपल्याला कधीचं माहीत आहे.

भेळ कुणी केली?

फिलिप आयकमन्स नावाच्या बेल्जियन माणसाने 2004 च्या सुमारास स्पेनमध्ये हा खेळ आकाराला आणला. व्हॉलीबॉल, फुटबॉल, जिम्नॅस्टिक्स आणि कॅपोएरा, म्हणजे ब्राझीलची ती नाचासारखी लढण्याची कला, या चार गोष्टी त्याने एकत्र केल्या. 'बोसा' हा शब्दही ब्राझीलमधल्या पोर्तुगीजचा. अर्थ साधारण ढंग, नखरा, स्टाइल. आपल्याकडे म्हणतो ना, "काय स्टाइलमध्ये मारला राव," ती स्टाइल.

यावर आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "हा काय खेळ आहे? चार खेळांची भेळ नुसती." मला हे वाक्य खटकलं, कारण ज्याला आपण 'खरा' खेळ म्हणतो तो व्हॉलीबॉलही भेळच आहे. 1895 मध्ये अमेरिकेत होलिओक गावी वायएमसीएच्या विल्यम मॉर्गनने तो काढला. बास्केटबॉलची धक्काबुक्की ज्यांना झेपत नव्हती अशा मोठ्या वयाच्या लोकांसाठी. नेट टेनिसमधून घेतलं आणि उंच केलं, बाकीचं इकडून तिकडून जमवलं. आणि पहिलं नाव काय ठेवलं? मिंटोनेट. बॅडमिंटनवरून.

आणि बॅडमिंटन कुठून आलं? 1870 च्या दशकात इंग्रज लष्करी अधिकारी तो खेळ आपल्या पुण्यात खेळत होते, त्याचे सुरुवातीचे नियम इथे बसले, आणि तेव्हा त्या खेळाला 'पूना' असंच म्हणायचे. म्हणजे ओढूनताणून का होईना, त्या रीलमधल्या उलट्या लाथेचं एक मूळ दापोडीचा पूल ओलांडला की सापडतं. ग्रुपवर हे टाकल्यावर भेळवाला गप्प बसला.

ट्रॅम्पोलिनवर खेळ बांधणारा हा एकटाच नाही. अमेरिकेत 2002 मध्ये स्लॅमबॉल आला होता, ट्रॅम्पोलिनवरचं बास्केटबॉल. ट्रॅम्पोलिन स्वतः 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवामध्ये जॉर्ज निसेन आणि लॅरी ग्रिसवोल्ड यांनी बनवलं. निसेनला ते सुचलं सर्कशीत झोक्याखाली बांधलेल्या जाळीवरून. आणि 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून ट्रॅम्पोलिन हा ऑलिंपिकचा खेळ आहे.

खरी गंमत पॉइंटमध्ये

इथे माझ्यातला सॉफ्टवेअरवाला जागा झाला. नियम वाचताना मला वाटलं होतं की या खेळाची जादू ट्रॅम्पोलिनमध्ये आहे. नाही. ती स्कोअरच्या चार आकड्यांत आहे.

हाताने मारून बॉल समोरच्यांच्या साध्या भागात पाडला: 1 पॉइंट.
हाताने मारून समोरच्यांच्या ट्रॅम्पोलिनवर पाडला: 3 पॉइंट.
पायाने किंवा डोक्याने मारून साध्या भागात: 3 पॉइंट.
पायाने किंवा डोक्याने मारून ट्रॅम्पोलिनवर: 5 पॉइंट.

सेट 25 चा.

आता विचार करा. व्हॉलीबॉलच्या नियमांतही पायाने बॉल मारायला बंदी नाही. मग अ‍ॅटॅकला पाय कोण वापरतं? कोणीच नाही. कारण हात जास्त भरवशाचा, आणि पॉइंट दोन्हीला सारखाच. हाताने 1 मिळत असताना पायाने 1 साठी कोण जीव काढेल?

बोसाबॉलमध्ये हिशोब बदलतो. समजा माझे हाताने मारलेले दहापैकी सहा शॉट यशस्वी होतात, तर दहा शॉटला 6 पॉइंट. पायाने दहापैकी दोनच यशस्वी झाले तरी तिप्पट भावाने 6 पॉइंट. चुकलेल्या शॉटचा तोटा सध्या बाजूला ठेवा. म्हणजे पाय हाताच्या एक तृतीयांश वेळा जरी चालला तरी बरोबरी, आणि त्याहून थोडा चांगला चालला की फायदा. कोच ओरडून सांगणार नाही की "स्टाइल मारा". स्कोअरबोर्डच ते सांगतो.

आणि पिछाडीवर असलेल्या टीमचं बघा. व्हॉलीबॉलमध्ये 18-24 म्हणजे लोक चपला शोधायला लागतात. इथे 18-24 म्हणजे एक पाच आणि एक तीन, की तुम्ही पुढे. शेवटपर्यंत कुणी उठत नाही.

ही युक्ती आपण बालेवाडीतही पाहिली आहे. 2022 मध्ये अल्टिमेट खो-खोचा पहिला सीझन तिथेच झाला. त्यात डाइव्ह मारून गडी बाद केला तर साध्या स्पर्शापेक्षा जास्त गुण ठेवले होते. झालं, पोरं हवेत झेपावताना दिसायला लागली आणि टीव्हीसमोरची माणसं खिळून राहिली. ज्या खो-खोचे नियम 1914 मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याने बसवले, त्याच खेळात एका जादा गुणाने एवढा फरक पडला. बास्केटबॉलचा थ्री-पॉइंटर, कबड्डीची बोनस लाइन, सगळे याच घरातले.

ऑफिसात काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ज्या गोष्टीला मार्क ठेवाल ती वाढते. बग किती सापडले यावर अप्रेझल ठेवा, एका बगचे सहा तुकडे होऊन येतील. बोसाबॉलवाल्यांनी मार्क हिमतीला ठेवले, म्हणून हिंमत दिसते.

उडीचा हिशोब

आता दुसरी बाजू. कमिटीच्या सांगण्यावरून मी एका इव्हेंटवाल्याला फोन केला. नाव सांगत नाही, आणि तसं बघितलं तर त्याच्यासारखे बरेच आहेत. बोसाबॉलचं खास बनवलेलं कोर्ट त्याच्याकडे नव्हतं. त्याची आयडिया अशी: दोन मोठी गोल ट्रॅम्पोलिन, त्याच्याभोवती मिकी माउस, मध्ये नेट. मिकी माउस म्हणजे तो जत्रेतला, वाढदिवसाला आणतात तो, हवा भरलेला उड्या मारायचा किल्ला. त्याच्यावर मिकीचं चित्र असो वा छोटा भीमचं, आपण मिकी माउसच म्हणतो.

"साहेब, एका जाळीवर चार-चार पोरं सोडा, बघा कसली मजा येते."

हे ऐकून माझा डावा घोटा ठणकला. खरंच. कॉलेजात असताना आम्ही एका ट्रॅम्पोलिन पार्कात गेलो होतो. मी आणि माझा एक मित्र, नव्वद किलोचा, एकाच जाळीवर. तो उतरला आणि मी पडलो. तीन आठवडे क्रेप बँडेज. इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये मी पास झालो होतो, पण तो विषय समजला त्या दिवशी.

सांगतो. दोन मीटर उंचीवरून खाली आलात तर जाळीला टेकताना तुमचा वेग ताशी 22-23 किलोमीटर असतो. म्हणजे भोसरीतल्या गल्लीत स्कूटर चालते तेवढा. त्या वेगातून तुम्ही किती अंतरात थांबता यावर सगळं अवलंबून आहे. सोपा हिशोब आहे: जेवढ्या उंचीवरून आलात, भागिले जेवढ्या अंतरात थांबलात, अधिक एक. तुमच्या वजनाच्या सरासरी तेवढ्या पट जोर पायांवर येतो.

जाळी 80 सेंटिमीटर खाली दबली तर दोन भागिले 0.8, म्हणजे अडीच, अधिक एक: साडेतीन पट. माणूस 60 किलोचा असेल तर 210 किलोचा भार. शरीर सोसतं. तेच 20 सेंटिमीटरमध्ये थांबलात तर अकरा पट. 660 किलो. घोट्याने काय करायचं?

आता दोन माणसं एकाच जाळीवर आली की काय होतं बघा. वजनदार माणूस जाळी खाली दाबतो, आणि जाळी परत वर यायला लागते. नेमका त्याच वेळी हलका माणूस खाली येत असेल तर वर येणारी जाळी त्याला अधेमध्ये गाठते. त्याच्यासाठी ती जाळी राहत नाही, फळी होते. थांबायचं अंतर संपलं, आणि वजनदार माणसाची ताकदही त्याच्या पायात गेली. तो भलतीकडे उडतो. जाड माणसाला काही होत नाही, सडपातळ माणूस मोडतो. मोठी माणसं आणि लहान मुलं एकत्र असतील तर लहान मूल.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, 2012 मध्ये सांगितलं की ट्रॅम्पोलिनवरच्या सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकाच वेळी एकापेक्षा जास्त जण उडत असताना होतात. बोसाबॉलच्या हल्ल्यात ट्रॅम्पोलिन एका माणसाचं असतं, त्याच्याभोवती हवेची कड असते, आणि चुकून बाहेर पडला तरी खाली फुगवलेलं कोर्ट असतं. रीलमध्ये आपल्याला उडी दिसते. ती पडल्यावर सांभाळणारी व्यवस्था दिसत नाही.

हवा आणि वारा

मग मी त्या दादांना अजून दोन प्रश्न विचारले. "दादा, मिकी माउस जमिनीत खुंटे ठोकून बांधणार ना?"

"तुमच्याकडे तर पेव्हिंग ब्लॉक आहेत साहेब. खुंटा कुठे ठोकणार? वाळूची पोती ठेवू. नाहीतर टेम्पोला बांधू."

"आणि लाइट गेली तर?"

"नाही जात हो."

फॅमिली डे गुरुवारी होता, कारण आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. आणि देखभालीसाठी लाइट बंद ठेवायचा महावितरणचा वारही, तुम्हाला माहीतच आहे, गुरुवारच. मिकी माउसमध्ये हवा एकदा भरून तोंड बांधून टाकत नाहीत. शिलाईतून ती सतत गळते आणि ब्लोअर ती सतत भरत असतो. ब्लोअर बंद पडला की किल्ला आत बसलेल्यांच्या अंगावर बसायला लागतो. जनरेटर आहे का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

पण लाइटपेक्षा मला वाऱ्याची जास्त भीती होती. फुगवलेली वस्तू आकाराने भिंतीएवढी आणि वजनाने त्या मानाने काहीच नाही. वाऱ्याच्या दृष्टीने ते शीड आहे. 16 डिसेंबर 2021 ला ऑस्ट्रेलियात, टास्मानियातल्या डेव्हनपोर्ट गावच्या एका प्राथमिक शाळेत वर्षअखेरीचा मजेचा दिवस होता. वावटळ आली, फुगवलेला किल्ला उडाला, आणि 6 मुलं गेली. शाळेचा मजेचा दिवस. आमचाही तसाच होता.

आणि वारा म्हणजे काय हे आपल्याला टास्मानियाने शिकवायची गरज नाही. 17 एप्रिल 2023 ची संध्याकाळ आठवते का? किवळ्यात, सर्व्हिस रोडला, वळवाच्या वादळात लोखंडी होर्डिंग कोसळलं. पावसापासून आडोशाला उभे राहिलेले लोक खाली सापडले. 5 जणांचा जीव गेला. ते लोखंड होतं. इथे कापडात भरलेली हवा, वाळूच्या पोत्यांवर, एप्रिलात, दुपारी चारनंतर.

मी ग्रुपवर लिहिलं, "ट्रॅम्पोलिन आणि मिकी माउस रद्द." बावीस अंगठे देणाऱ्यांपैकी एकानेही अंगठा दिला नाही. एकाने लिहिलं, "इंजिनिअर लोकांना मजा बघवत नाही."

मग आम्ही काय केलं

प्रेस शॉपमधले एक काका आहेत. रिटायरमेंटला आलेले, तरुणपणी कंपनीच्या टीममधून व्हॉलीबॉल खेळलेले. त्यांना मी कँटीनमध्ये ते चार आकडे दाखवले. त्यांनी चहा संपेपर्यंत कागद न्याहाळला आणि म्हणाले, "अरे, मग उडायला कशाला पाहिजे? आकडे तर जमिनीवरही चालतील की."

तेच केलं. मागच्या मातीच्या मैदानावर व्हॉलीबॉलचं नेट लावलं, नेहमीपेक्षा हातभर खाली. फक्कीने कोर्ट आखलं. नेटजवळ दोन्ही बाजूंना एकेक गोल, दीड मीटर त्रिज्येचा. तो गोल म्हणजे आमचं 'ट्रॅम्पोलिन'. पॉइंट तेच: एक, तीन, तीन, पाच. चार-चार जणांच्या टीम. दोन्ही हातांची बोटं जिभेखाली घालून शिट्टी मारणारा स्टोअरमधला एक दादा रेफरी, आणि त्याच्या शेजारी गणपतीतल्या पथकात वाजवणारी दोन पोरं ताशा घेऊन.

पहिल्या मॅचला बोंब झाली. क्वालिटीतल्या एक ताई, शाळेत असताना जिल्हा पातळीवर व्हॉलीबॉल खेळलेल्या. त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं की गोल रिकामाच आहे. नेटजवळ उभं राहायचं, बॉल हलकेच बोटांनी ढकलायचा, टप्प, गोलात. 3 पॉइंट. परत टप्प. 3 पॉइंट. सेट संपला तेव्हा एकानेही पाय वापरला नव्हता. ताशावाली पोरं कंटाळून फोन बघायला लागली.

मंडळी, हा बग माझा होता. मूळ खेळात त्या गोलात ट्रॅम्पोलिन आहे आणि त्याच्यावर एक जिवंत माणूस उड्या मारतोय, भोवती बॉल झेलणारी कड आहे. तो भाग राखलेला आहे आणि अवघड आहे, म्हणून त्याला 3. मी ट्रॅम्पोलिन काढलं, माणूस काढला, आणि भाव मात्र तोच ठेवला. अवघड गोष्टीचा भाव सोप्या गोष्टीला लावला. एका सिस्टिममधला कोड उचलून दुसरीकडे चिकटवल्यावर जे होतं तेच झालं.

ताईच म्हणाल्या, "गोलात आपापला एक माणूस उभा करायचा नियम करा, मग बघू." केला. गोलातल्या माणसाने गोल सोडायचा नाही. आता टप्प केलं की तो उचलायचा. पॉइंट मिळवायचा तर त्याला चकवायला लागायचं, नाहीतर मागे मोकळ्या जागेत मारायला लागायचं, आणि तिथे हाताला एकच पॉइंट. मग पाय आणि डोकी बाहेर आली.

सॉफ्टवेअरच्या टीमचं काय झालं ते विचारू नका. बरं, सांगतो. 25-9. समोर कँटीनमध्ये काम करणारा एक मुलगा होता. एरवी माझ्या ताटात जास्तीची पोळी टाकणारा आणि मी ज्याला "थँक यू" एवढंच म्हणत आलोय असा. तो फुटबॉल खेळतो हे तीन वर्षांत मला माहीत नव्हतं. त्याने डोक्याने दोनदा आमच्या गोलात पाच-पाच घेतले. दुसऱ्यांदा ताशा असा वाजला की गेटवरचे सिक्युरिटीवाले काका आत बघायला आले.

बायकांच्या मॅचला नेट अजून खाली घेतलं, मुलांच्या मॅचला कमरेएवढं. मुलांना नियम एका वाक्यात सांगितले: हाताने एक, पायाने तीन. पाच मिनिटांत कुणीही हात वापरेना.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायची राहिली. त्या संध्याकाळी वारा आला नाही. ढगही नव्हते. लाइटही गेली नाही. मिकी माउस आणला असता तर बहुतेक सगळं व्यवस्थित पार पडलं असतं, आणि ग्रुपवर मला हे आजही ऐकवतात. माझं उत्तर एकच आहे. हेल्मेट घालून घरी नीट पोचलो, म्हणजे हेल्मेट फुकट घातलं असं होत नाही. वारा येणार नाही हे सकाळी मला माहीत नव्हतं, आणि पोती ठेवणाऱ्या दादांनाही माहीत नव्हतं.

उद्या कुणी नीट बनवलेलं बोसाबॉलचं कोर्ट, शिकवणारा माणूस आणि बांधायला पक्की जागा घेऊन आपल्याकडे आला, तर पहिलं तिकीट मी काढेन. मला ती उडी मारायचीच आहे. तोपर्यंत तुमच्या सोसायटीत, कंपनीत मिकी माउस किंवा जंपिंगची जाळी येणार असेल तर चार गोष्टी विचारा: खुंटे कुठे ठोकणार, ब्लोअरला जनरेटर आहे का, वारा सुटला की मुलांना खाली उतरवायचं कुणी ठरवणार, आणि एका जाळीवर एका वेळी किती जण. चौथ्याचं उत्तर 'एक' यायला पाहिजे. "काही होत नाही हो" असं उत्तर आलं तर फक्की आणा. एका पोत्यात चार कोर्टं होतात.

आमचं नेट अजून लावलेलंच आहे. रोज जेवणानंतरची वीस मिनिटं. काका रेफरी असतात. कँटीनमधला तो मुलगा आता आमच्या टीममध्ये आहे, कारण मी ड्रॉ काढायच्या आधी जाऊन त्याला मागून घेतला. एवढं तरी शिकलो.

चला, मोशी गेली असेल तुमची. उतरताना टिफिन विसरू नका. भेटू पुढच्या एपिसोडला.